वाजवी मुदत : जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन व्यवहारातील वेळेचे नीतिशास्त्र

वापरलेली वस्तू ऑनलाइन विकली जाते तेव्हा पैसे आधी जातात आणि वस्तू मागून येते. मधल्या काळात खरेदीदाराच्या हाती पैसेही नसतात आणि वस्तूही नसते. पार्सल निघेपर्यंत विक्रेत्याकडे मात्र दोन्ही असतात. हा काळ किती असावा, त्याची जबाबदारी कोणावर धरावी आणि तो लांबला तर नेमका काय अन्याय होतो, हे प्रश्न वरवर पाहता टपाल आणि कुरिअरचे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी वचन, विश्वास आणि दुसऱ्याच्या वेळेवरचा हक्क हे नीतिशास्त्राचे जुने विषय आहेत. स्मृतिकारांनी, इस्लामी आणि यहुदी धर्मपंडितांनी, ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांनी आणि आधुनिक कायद्यानेही त्यांचा विचार केला आहे. त्या साऱ्या विचारातून एक सूत्र हाती लागते : खरी मुदत सांगणे आणि ती पाळणे हे विक्रेत्याचे पहिले देणे आहे, वेग त्याच्या नंतर येतो, आणि झालेल्या उशिरापेक्षा त्याबद्दल बाळगलेले मौन हा मोठा दोष आहे.

जुन्या वस्तूचा व्यवहार वेगळा का

नव्या मालाचा एक नग वाटेत हरवला तर दुकानदार दुसरा पाठवतो. वापरलेल्या वस्तूला अशी जोडी नसते. चाळीस वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक, हाताने फिरवायचे शिलाई मशीन, फिल्मचा कॅमेरा, पुन्हा न छापलेला संदर्भग्रंथ, यांतली प्रत्येक वस्तू विकणाऱ्याकडे एकच असते आणि तिची अवस्थाही तिची स्वतःची असते. ती आपल्याला मिळणार या भरवशावर खरेदीदार इतरत्र शोध घेणे थांबवतो. त्यामुळे उशिराची किंमत केवळ अडकलेल्या रकमेवरून ठरत नाही. त्या काळात दुसरीकडे मिळू शकली असती ती प्रतही हातची जाते.

दुसरे वेगळेपण विक्रेत्याचे. तो बहुधा व्यापारी नसतो. त्याच्याकडे गोदाम, पॅकिंग करणारी माणसे किंवा रोज ठरावीक वेळी येणारी कुरिअरची गाडी नसते. नोकरी आणि घरचा व्याप सांभाळून, सुट्टीचा दिवस साधून तो पार्सल टाकतो. मोठ्या कंपन्यांनी दुसऱ्या दिवशी दारात वस्तू आणून देण्याची जी सवय लावली आहे, तिच्या मापाने या माणसाला मोजणे न्यायाचे नाही. मात्र तो व्यापारी नाही म्हणून त्याच्यावर कोणतेच बंधन नाही, असेही होत नाही. पैसे स्वीकारताच तो वचनात बांधला जातो.

तिसरे वेगळेपण पैशाच्या वेगाचे. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची सोय सुरू केली. पोस्टमन पार्सल दारात आणत असे, तिथेच पैसे घेत असे आणि टपाल खाते ती रक्कम पाठवणाऱ्याला पोहोचती करत असे. मराठी प्रकाशक आणि मासिके यांचा दूरगावच्या वाचकांशी व्यवहार कित्येक दशके याच पद्धतीने चालला. पैसे आणि वस्तू यांची अदलाबदल उंबरठ्यावर होत असल्याने कोणालाही दुसऱ्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नव्हता. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे काही सेकंदांत पोहोचू लागले. वस्तू मात्र अजूनही रस्त्याने, रेल्वेने आणि माणसाच्या खांद्यावरूनच जाते. देणे आणि घेणे यांच्यातले अंतर अशा रीतीने वाढले, आणि त्या अंतराचा सगळा भार विश्वासावर आला.

मुदतीचे तीन भाग

खरेदीदार ज्याला सरसकट उशीर म्हणतो, तो काळ तीन निराळ्या टप्प्यांचा बनलेला असतो : विक्रेत्याची तयारी, वाहतूक आणि पोच. प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाच्या हाती असतो, म्हणून त्याची जबाबदारीही वेगळी धरावी लागते.

तयारीत किती कामे असतात ते एका जुन्या पुस्तकावरून कळते. पाने तांबूस पडून कडांशी ठिसूळ झालेली असतात, शिवण सैल असते, मलपृष्ठाचा कोपरा दुमडलेला असतो. पावसाळ्यात असे पुस्तक कपाटातून काढून थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले तर आतली ओल आतच राहते आणि प्रवासात बुरशी धरते. म्हणून ते आधी एक-दोन दिवस कोरड्या जागी, हवेशीर ठेवावे लागते. मग प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्राच्या घड्या, दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, म्हणजे पार्सल आपटले तरी मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर बसतो, पुस्तकाच्या नाही. योग्य मापाचा पुठ्ठा घरात नसला तर किराणा दुकानातून खोके मागून आणायचे आणि कापायचे. वर खाकी कागद, चिकटपट्टी, पिनकोड आणि फोन नंबरसह ठळक पत्ता. एवढे झाल्यावर टपाल कार्यालयाची वेळ साधायची. तिथे वजन होते, आकार भरला जातो, बारकोडची चिठ्ठी लागते आणि पावतीवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. रविवार आणि सुट्ट्या यातून वगळल्या तर घरगुती विक्रेत्याला पैसे मिळाल्यापासून दोन ते तीन कामाचे दिवस लागणे अगदी स्वाभाविक आहे. घाई करून कच्चे बांधलेले पार्सल लवकर पोहोचते, पण ज्यासाठी ते मागवले तीच वस्तू फाटून किंवा भिजून पोहोचते.

वाहतुकीचा टप्पा दोघांच्याही हाताबाहेरचा असतो. स्पीड पोस्टने महानगरातून महानगरात साधारण एक ते तीन दिवस आणि देशात इतरत्र चार-पाच दिवस धरले जातात. आडगावी, डोंगराळ भागात किंवा ईशान्येकडे जाणाऱ्या पार्सलला त्याहून अधिक वेळ लागतो. या वाटचालीत सर्वांत मोलाचा आधार पिनकोडचा. मराठी भाषक टपाल अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. सारख्या नावांच्या गावांचा आणि वेगवेगळ्या लिप्यांतल्या पत्त्यांचा गोंधळ तिने सहा अंकांत सोडवला. त्यांतला एक अंक चुकला तरी पार्सल दुसऱ्याच जिल्ह्यात फिरून येते.

तिसरा टप्पा पोचेचा. घराला कुलूप, बंद फोन, अपुरा पत्ता, सोसायटीच्या रखवालदाराकडे दिलेले पण वर न पोहोचलेले पार्सल, या गोष्टींतून होणारा उशीर खरेदीदाराच्या बाजूचा आहे. तो विक्रेत्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

यातून पहिले तत्त्व मिळते : ज्याच्या हाती जो टप्पा, त्याच्याकडे त्याची जबाबदारी. तयारीचा काळ विक्रेत्याचा आणि पोचेचा खरेदीदाराचा. वाहतुकीचा काळ कोणाचाच नसला, तरी वाहतूकदार विक्रेत्याने निवडलेला असतो. म्हणून विश्वासू सेवा निवडणे, पावती जपणे आणि क्रमांक लगेच कळवणे हे त्याच्याकडेच राहते.

स्मृतिग्रंथांतील विचार

धर्मशास्त्राने वादाचे विषय अठरा व्यवहारपदांत मांडले. मनुस्मृतीत खरेदी-विक्रीनंतरचा पश्चात्ताप हे एक पद आहे आणि दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्या-घेण्याची मुभा तिथे सांगितली आहे. नारदस्मृतीने याहून बारीक भेद केला : विकून झाल्यावर माल न देणे, म्हणजे विक्रीयासंप्रदान, हा तिने स्वतंत्र विषय मानला. पैसे घेऊन वस्तू अडकवून ठेवणे हा निराळा अपराध आहे, हे त्या काळच्या बाजारालाही जाणवले होते, असे यावरून दिसते.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात या विषयाचे नियम नेमके आहेत. किंमत घेऊन जो माल देत नाही, त्याने तो मधल्या काळातल्या वाढीसह द्यावा. आणि खरेदीदार परदेशातून आलेला असेल तर माल तिकडे नेऊन त्याला जो नफा झाला असता तो भरून द्यावा. दुसऱ्याचा वेळ अडवल्याची भरपाई केवळ मूळ रक्कम परत करून होत नाही, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. पुढचा नियम जोखमीचा. खरेदीदाराने मागूनही माल दिला नाही आणि दरम्यान राजाच्या कृतीने किंवा दैवी आपत्तीने तो बिघडला, तर नुकसान विक्रेत्याचे. उलट खरेदीदारच माल उचलत नसेल, तर विक्रेत्याला तो दुसऱ्याला विकता येतो, आणि खरेदीदाराच्या दोषाने झालेली हानी खरेदीदाराची. ज्याच्यामुळे खोळंबा, त्याच्यावर जोखीम, असा हा हिशेब आहे.

त्याच ग्रंथात विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी दिलेल्या मुदती आणखी उद्बोधक आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा दिवस. याच यादीत दासदासींचाही समावेश आहे, आणि माणसांना मालात गणणारी ती व्यवस्था अन्यायाचीच होती. पण वस्तूंपुरते पाहिले तर त्यामागचा विचार पक्का आहे. लोखंडाचा दोष हातात घेताच कळतो, गाईच्या दुधाचा अंदाज दोन-तीन धारांशिवाय येत नाही, आणि बियाणे उगवेपर्यंत त्याची पारख होत नाही. मुदत एकच एक आकड्यात बांधलेली नाही. ती वस्तूच्या स्वभावावरून ठरली आहे.

या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, ती रचली गेली; महाराष्ट्रासह भारताच्या फार मोठ्या भागात ती पुढे शतकानुशतके प्रमाण मानली गेली. खोळंब्याचा आणि जोखमीचा हा विचार म्हणूनच मराठी मुलखाला परका नाही.

इतर धर्मपरंपरा आणि सिसेरोचा व्यापारी

इस्लामी व्यवहारशास्त्रात आगाऊ पैसे देऊन माल नंतर घेण्याच्या कराराला सलम म्हणतात. मदिनेतले लोक खजुराच्या पुढच्या हंगामांचे पैसे आधीच देत असत. पैगंबरांनी या व्यवहाराला मान्यता दिली, पण अट घातली : माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे आणि मुदतही ठरलेली हवी. कारण अनिश्चितता हीच भांडणाची आणि अन्यायाची जननी आहे. फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, पुढे आणखी एक मर्यादा घातली. एका विशिष्ट झाडाचे फळ सलमने विकता येत नाही, कारण ते झाड फळले नाही तर त्याऐवजी द्यायला काही उरत नाही. एकुलत्या एका वस्तूसाठी आधी पैसे घेणे किती जोखमीचे असते याची ही फार जुनी ओळख आहे. जुनी वस्तू विकणाऱ्याने ती आपल्या ताब्यात आहे, शाबूत आहे आणि पाठवण्याजोगी आहे याची खात्री करूनच पैसे घ्यावेत, हा धडा त्यातून थेट मिळतो.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथाने कायदा आणि नीती यांतली फट उघड दाखवली. केवळ पैसे दिल्याने जंगम वस्तूची मालकी बदलत नाही, ती प्रत्यक्ष ताब्यात घ्यावी लागते; त्यामुळे पैसे घेऊनही विक्रेता कायद्याने मागे फिरू शकतो. पण मिश्ना तिथे थांबत नाही. ज्या ईश्वराने जलप्रलयाच्या पिढीला शासन केले, तोच शब्दाला न जागणाऱ्यालाही शासन करील, असे ती बजावते. न्यायालयाला शिक्षा देता येत नाही एवढ्याने वचनभंग निर्दोष ठरत नाही.

मौनाच्या प्रश्नावर सर्वांत धारदार चर्चा रोमन तत्त्वज्ञ सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथात आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला असताना एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. धान्याने भरलेली आणखी जहाजे वाटेवर आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? बॅबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजेनीज म्हणतो, खोटे बोलू नये. पण सगळेच सांगितले पाहिजे असे नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विक्रेत्याला जे माहीत आहे ते खरेदीदारालाही माहीत असले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवाछपवी नसते, असे तो मान्य करतो. पण ज्याला ती माहिती असण्यात हितसंबंध आहे, त्याच्यापासून ती स्वतःच्या फायद्यासाठी दडवणे ही लपवाछपवीच आहे. पुढच्या आठवड्यात आपण गावी जाणार आहोत आणि दहा दिवस पार्सल टाकता येणार नाही, हे पैसे घेताना न सांगणारा विक्रेता त्या व्यापाऱ्याच्याच जागी उभा असतो. ते आधी सांगितले असते तर खरेदीदाराने कदाचित दुसरीकडे वळण घेतले असते. म्हणूनच ते सांगणे हे त्याचे देणे होते.

कायद्यातील वाजवी वेळ

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ४६ नुसार वचन पाळण्याची मुदत ठरलेली नसेल तर ते वाजवी वेळेत पाळले पाहिजे. वाजवी वेळ म्हणजे किती, हा प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये माल पाठवण्याबाबत हाच नियम कलम ३६ मध्ये आहे. कलम २६ नुसार ज्या पक्षाच्या दोषाने पोच लांबली, त्या उशिरामुळे होऊ शकणाऱ्या नुकसानीची जोखीम त्या पक्षावर पडते. याज्ञवल्क्याच्या नियमाशी त्याचे नाते उघड आहे. कलम ३९ सांगते की माल वाहतूकदाराच्या हवाली करणे हे प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखेच आहे, पण मालाचे स्वरूप पाहून वाहतुकीचा योग्य करार करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. काचेची वस्तू कुठल्याही गोणीत कोंबून पाठवली आणि ती फुटली, तर हात झटकता येत नाहीत.

काही देशांनी व्यापाऱ्यांसाठी आकडाही ठरवला आहे. अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्यांसाठी १९७५ मध्ये नियम झाला : मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना व्हावा, आणि तसे होणार नसेल तर खरेदीदाराला कळवून त्याला पैसे परत घेण्याचा पर्याय द्यावा. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशातही वेगळे ठरलेले नसल्यास ३० दिवसांची कमाल मर्यादा आहे. हे नियम धंदा करणाऱ्यांसाठी आहेत. घरातले एक पुस्तक विकणाऱ्याला ते लागू होत नाहीत, आणि कायद्याची कमाल मर्यादा म्हणजे चांगल्या वागणुकीचे माप नव्हे. तरी त्यांतला एक भाग सर्वांसाठी आहे : मुदत चुकणार हे कळताच सांगावे आणि समोरच्याला मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी.

भारतीय कायदा आकडा का टाळतो याचे उत्तर अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात दिले आहे. नियम सर्वसाधारण असतो, प्रसंग मात्र प्रत्येक वेळी निराळा. म्हणून नियमाची उणीव भरून काढणारी न्यायबुद्धी लागते. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत, जी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. अनिश्चित गोष्टींचे मापही तसेच असावे, असे तो म्हणतो. वाजवी वेळ ही अशी वाकणारी पट्टी आहे. मात्र पट्टी वाकते ती दगडाच्या आकाराप्रमाणे, गवंड्याच्या सोयीप्रमाणे नव्हे. वस्तू, अंतर, ऋतू आणि सेवा यांनुसार मुदत बदलावी. विक्रेत्याच्या आळसानुसार बदलू नये.

उशिराने नेमके काय बिघडते

खरेदीदाराचे पैशाचे नुकसान झाले नाही, वस्तू शेवटी सुखरूप पोहोचली, तरीही उशिराने अन्याय होतो का? वचनाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ह्यूमच्या मते वचन ही माणसांनी एकमेकांच्या सोयीसाठी उभारलेली प्रथा आहे. अनोळखी माणसाशी सहकार्य तिच्यामुळे शक्य होते, आणि ती मोडणारा पुढच्या सर्व व्यवहारांचा पाया खिळखिळा करतो. ऑनलाइन बाजारात हे डोळ्यांनी दिसते. एका विक्रेत्याने महिनाभर झुलवलेला माणूस पुढच्या प्रामाणिक विक्रेत्यालाही आगाऊ पैसे द्यायला कचरतो.

कांटने १७८५ मध्ये खोट्या वचनाचे उदाहरण दिले : परत करणार नाही हे माहीत असूनही परतफेडीचे आश्वासन देऊन कर्ज घेणारा माणूस. त्याचा दोष असा की तो समोरच्याला आपल्या हेतूचे निव्वळ साधन बनवतो, कारण सत्य कळले असते तर समोरच्याने होकार दिला नसता. उद्या जमणार नाही हे ठाऊक असताना ‘उद्या टाकतो’ असे सांगणे लहान वाटते, पण त्याची घडण तीच आहे. स्कॅनलनने १९९८ मध्ये मांडलेला विचार या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. जाणूनबुजून एखाद्याच्या मनात भरवसा निर्माण केला, आणि तो त्याला हवा आहे हेही ठाऊक असले, तर तो पाळणे हे देणे ठरते. खरेदीदाराने त्या भरवशावर शोध थांबवला, घरी कोणीतरी असेल अशी व्यवस्था केली, भेट म्हणून द्यायची वस्तू असेल तर दुसरी घेतली नाही. उशिराने हे सारे व्यर्थ जाते.

म्हणून उशिराचे दोन भाग वेगळे पाहावेत. एक भाग दिवसांचा, दुसरा अज्ञानाचा. वस्तू दहा दिवसांनी येणार हे माहीत असलेला माणूस आपली कामे त्याप्रमाणे लावतो. त्याचे दहा दिवस त्याचेच राहतात. कधी येणार हेच माहीत नसलेल्याचे पाच दिवसही दुसऱ्याच्या ताब्यात जातात, कारण तो ना वाट पाहणे सोडू शकतो, ना दुसरी सोय करू शकतो. दिवस कमी करणे विक्रेत्याच्या हाती दरवेळी नसते. अज्ञान दूर करणे मात्र नेहमीच त्याच्या हाती असते; त्याला एक ओळीचा निरोप पुरतो. जे करणे इतके सोपे आहे ते न करणे, हाच उशिरातला खरा अन्याय आहे.

खरेदीदाराचे देणे

हे नाते एकतर्फी नाही. मुदतीची अपेक्षा ठेवणाऱ्यावरही कर्तव्ये येतात. पूर्ण पत्ता, पिनकोड आणि लागणारा फोन नंबर पहिल्याच निरोपात देणे. ठरावीक तारखेला वस्तू हवी असेल तर पैसे देण्यापूर्वी सांगणे. पार्सल आल्यावर लगेच उघडून पाहणे आणि पोच कळवणे. तारखेची गरज आधी सांगितली नाही तर त्या तारखेचा आग्रह नंतर धरता येत नाही. कायदाही मुदत हा कराराचा गाभा आहे की नाही हे दोघांच्या हेतूवरूनच ठरवतो.

दर दोन तासांनी ‘टाकले का?’ असे विचारणे, ठरलेली मुदत संपण्याआधीच फसवणुकीचा आरोप करणे, वाहतूकदाराच्या चुकीसाठी विक्रेत्याला जाहीरपणे बदनाम करणे, हेही अन्यायच. समोरचा माणूस यंत्र नाही. त्याच्या घरी आजारपण येते, नळाला पाणी नसते, परीक्षा असतात.

काही खोळंबे तर कोणाच्याच हातचे नसतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने आयात शुल्काचे नियम बदलल्यामुळे भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणाऱ्या पार्सलांचे बुकिंग थांबवले आणि ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले. पुण्या-मुंबईहून अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडे निघालेली जुनी पुस्तके या काळात अडकून पडली असतील, तर तो दोष पाठवणाऱ्यांचा नव्हे. स्मृतींनी राजा आणि दैव यांतून येणारी अडचण वेगळी काढली होती, ती अशाच प्रसंगांसाठी. मात्र बंदीपूर्वी हाती वेळ असूनही ज्याने पार्सल पडू दिले, त्याला या सबबीचा आधार मिळत नाही.

सवलत देणे हा वाट पाहणाऱ्याचा अधिकार आहे. करार अधिनियमाचे कलम ६३ वचन घेणाऱ्याला मुदत वाढवून देण्याची मोकळीक देते. वचन देणाऱ्याने ती परस्पर घ्यायची नसते. देहूच्या तुकोबांनी घरच्या सावकारीतल्या आपल्या वाट्याच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, असे वारकरी परंपरा सांगते. त्यातली नैतिक बाजू येथे लागू पडते : सोडून देण्याचे मोठेपण ज्याचे येणे आहे त्यालाच शोभते. ‘समजून घ्या’ ही विनंती असू शकते, हक्क नव्हे. आणि ती मुदत उलटण्यापूर्वी केली तरच तिला विनंतीचे रूप राहते.

मुदत कशी ठरवावी

या तत्त्वांवरून व्यवहारातली मापे काढता येतात. घरगुती विक्रेत्याने पैसे मिळाल्यापासून दोन ते तीन कामाच्या दिवसांत पार्सल टाकावे. मोठी, नाजूक किंवा लाकडी खोक्यात बांधावी लागणारी वस्तू असेल तर आठवडा लागू शकतो, पण तो आधी सांगितलेला असावा. त्यात वाहतुकीचे दिवस मिळवून देशांतर्गत व्यवहारात साधारण आठ ते दहा दिवसांत वस्तू हाती यावी, ही अपेक्षा वाजवी आहे. पावसाळा, दिवाळीची गर्दी किंवा दुर्गम पत्ता असेल तर त्यात काही दिवसांची भर घालावी. परदेशी पार्सल हवाई मार्गानेही सीमाशुल्काच्या तपासणीत थांबू शकते, त्यामुळे तिथे आठवड्यांच्या भाषेत बोलावे.

मुदत सांगताना ती जरा सैल धरावी. चार दिवसांत जमेल असे वाटत असताना सहा सांगून पाच दिवसांत पाठवणारा माणूस भरवसा कमावतो. दोन सांगून चार दिवस लावणारा तेवढ्याच कष्टात तो गमावतो. आजच्या मोठ्या बाजारस्थळांवर तयारीचा काळ आणि प्रवासाचा काळ वेगवेगळा दाखवला जातो, आणि हा भेद खाजगी व्यवहारातही पाळावा. ‘गुरुवारी टाकतो, पुढच्या बुधवारपर्यंत मिळेल’ असे सांगितले की कोणता शब्द आपला आणि कोणता अंदाज टपालाचा, हे दोघांनाही कळते. पार्सल टाकताच पावतीचा फोटो आणि क्रमांक पाठवला की विक्रेत्याच्या जबाबदारीचा पहिला भाग पुरा होतो.

उशीर झाल्यावर

मुदत चुकली तर काय देणे लागते, याचाही क्रम आहे. प्रथम कबुली आणि खरे कारण. मग नवी, आता नक्की पाळता येईल अशी तारीख. आणि त्याचबरोबर पूर्ण रक्कम परत घेण्याचा पर्याय. हा पर्याय मागण्याची वेळ खरेदीदारावर येऊ नये. उशीर विक्रेत्याच्या निष्काळजीपणाने झाला असेल तर टपालखर्च सोडणे किंवा किमतीत काही कपात करणे योग्य, कारण दुसऱ्याचा काळ अडवल्याचे देणे मूळ रकमेने फिटत नाही. वस्तू वाटेत हरवली असेल तर तक्रार नोंदवण्याचे काम विक्रेत्याचे, कारण पावती त्याच्याकडे आहे. चौकशीचा निकाल लागेपर्यंत पैशाचे काय करायचे हे दोघांनी लगेच ठरवावे.

खरेदीदाराने सांगितलेली मुदत उलटेपर्यंत थांबावे, मग एकदा स्पष्ट विचारणा करावी आणि उत्तरासाठी दोन-तीन दिवस द्यावेत. उत्तर आले तर पुढचा मार्ग दोघांनी मिळून काढावा. उत्तरच आले नाही तर ऑनलाइन बाजारस्थळाकडे किंवा पेमेंट सेवेकडे तक्रार करणे योग्य, आणि जाहीर अभिप्राय देणेही योग्य. तो अभिप्राय तंतोतंत खरा असावा : किती दिवस लागले, काय सांगितले गेले, वस्तू कशी निघाली. रागाच्या भरात वाढवून लिहिलेला अभिप्राय पुढच्या खरेदीदाराची दिशाभूल करतो, आणि मौन बाळगणाऱ्या विक्रेत्याइतकाच दोष त्याच्या लेखकाकडे येतो. विक्रेत्याने उशीर मान्य करून नुकसान भरून दिले असेल, तर तेही त्याच अभिप्रायात लिहिणे हे न्यायाचे आहे.